पंचांग कधी बदललेच नाही? बीड जिल्ह्याच्या साक्षीने एका लाडक्या गैरसमजाची तपासणी

१/
गुढीपाडवा जवळ आला की दोन संदेश फिरू लागतात. पहिला सांगतो, की हिंदू पंचांग हजारो वर्षांत तसूभरही बदललेले नाही आणि म्हणूनच ते श्रेष्ठ आहे. दुसरा सांगतो, की पंचांग म्हणजे भाकडकथांचा गठ्ठा, त्यात पाहण्यासारखे काही नाही. दोन्ही संदेश पुढे ढकलणाऱ्यांत एक साम्य असते. पंचांगाचे पान त्यांनी कधी नीट उघडलेले नसते.

२/
या धाग्याचे म्हणणे एकच आहे. पंचांगाचा इतिहास हा दुरुस्त्यांचा इतिहास आहे. ज्यांनी ते खरोखर जपले त्यांनी ते आकाशाशी ताडून पाहिले, चुकले तेथे चूक मान्य केली आणि गणित बदलले. 'कधीच न बदललेले पंचांग' ही स्तुती वाटते, पण ती या गणितींच्या श्रमावर पाणी फिरवणारी आहे.

३/
हा वाद पुस्तकी नाही. 'मुहूर्त टाळता येत नाही', 'परंपरा बदलता येत नाही' ही वाक्ये बीड जिल्ह्यात आजही मुलींच्या आयुष्याचा निकाल लावतात. म्हणून साक्षीदारही त्याच जिल्ह्यातले घेतले आहेत : अंबाजोगाई, परळी, राक्षसभुवन आणि ऊसतोडीला निघालेले तांडे. आरंभ मात्र पंचांग नेमके काय मोजते येथून करावा लागेल.

४/
पंचांग म्हणजे पाच अंगे : तिथी, वार, नक्षत्र, योग, करण. यातील तिथी हा कणा. पृथ्वीवरून पाहताना चंद्र सूर्याच्या पुढे सरकत जातो. दोघांमधील अंतर शून्य अंश असते तो अमावास्येचा क्षण. तेथून प्रत्येक १२ अंशांना एक तिथी पूर्ण होते. ३६० अंशांत अशा ३० तिथी. चांद्रमास सुमारे साडेएकोणतीस दिवसांत संपतो.

५/
चंद्राची गती सारखी नसते. त्यामुळे एखादी तिथी २० तासांच्या आसपास आटोपते, तर एखादी २६ तासांहूनही लांबते. दिवसाला नाव मिळते ते सूर्योदयाला चालू असलेल्या तिथीचे. दोन सूर्योदयांच्या मध्येच जी तिथी सुरू होऊन संपली तिचा क्षय. जिने दोन सूर्योदय पाहिले तिची वृद्धी. 'यंदा पंचमीच नाही' असे आजी सांगते त्यामागे हे साधे गणित आहे.

६/
नक्षत्र म्हणजे चंद्र ज्या भागात आहे तो आकाशाचा सत्ताविसावा हिस्सा, १३ अंश २० कलांचा. सूर्य आणि चंद्र यांच्या स्थानांची बेरीज करून त्याच मापाने भागले की योग मिळतो. तिथीचा अर्धा भाग म्हणजे करण. पाचांपैकी तीन अंगे सूर्य आणि चंद्र या दोघांच्या स्थानांवरून निघतात, नक्षत्र एकट्या चंद्राच्या स्थानावरून. पाचवे अंग वार. त्याचा आकाशाशी थेट संबंध नाही, तो निव्वळ सात दिवसांचा फेरा आहे.

७/
चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, सौर वर्ष ३६५ दिवसांहून थोडे मोठे. दर वर्षी सुमारे ११ दिवसांची तूट पडते. ती भरून काढली नाही तर मोहरमप्रमाणे दिवाळीही कधी उन्हाळ्यात, कधी पावसाळ्यात येईल. म्हणून साधारण ३२-३३ महिन्यांनी अधिक महिना. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ. जावयाला अनारसे मिळतात ते मुळात हिशेबाची तूट भरून निघाल्यामुळे.

८/
आणि मुहूर्त? या शब्दाचा एक जुना अर्थ निव्वळ कालमापनाचा आहे. अहोरात्राचे ३० मुहूर्त, म्हणजे एक मुहूर्त ४८ मिनिटांचा. त्याच्या दोन घटिका, प्रत्येकी २४ मिनिटांच्या. घटिकेची ६० पळे. लग्नघरात पाण्यावर सोडले जाणारे तळाला छिद्र असलेले घटिकापात्र हे कालमापनाचे साधन होते. शुभ-अशुभाचा अर्थ या मापावर चढलेला दुसरा थर.

९/
येथे तीन थर वेगळे ठेवले पाहिजेत. पहिला आकाशाचा : सूर्य-चंद्र कोठे आहेत. दुसरा संकेताचा : महिना कोठून धरायचा, वर्ष केव्हा सुरू करायचे. तिसरा फळाचा : अमुक वेळ शुभ, तमुक अशुभ. पहिल्या थराची परीक्षा डोळ्यांनी घेता येते. दुसरा माणसांनी आपसांत ठरवलेला असतो. तिसऱ्याचा आधार केवळ वचनाचा. वादातले बहुतेक घोळ हे थर एकमेकांत मिसळल्याने होतात.

१०/
दुसऱ्या थराचे उदाहरण परळी वैजनाथाच्या दारात मिळते. महाशिवरात्रीला तेथे महाराष्ट्रातून भाविक येतात, तसे उत्तरेतूनही. मराठी भाविकाच्या पंचांगात ती माघ वद्य चतुर्दशी असते. उत्तरेकडच्या भाविकाच्या पंचांगात तीच फाल्गुन कृष्ण चतुर्दशी. रात्र एक, चंद्र एक, महिन्याची नावे दोन. महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत पौर्णिमेला. यात खरे-खोटे काही नाही, हा संकेत आहे.

११/
मग पंचांगाचा इतिहासाला उपयोग काय? एक सूत्र लक्षात ठेवावे. शकाच्या आकड्यात १२ मिळवावे, ६० ने भागावे. उरलेली बाकी म्हणजे साठ संवत्सरांतील क्रमांक. प्रभव पहिला, अक्षय किंवा क्षय साठावा. बाकी शून्य आली तर साठावाच समजावा. शके १९४८ घेतले तर १९६० ला ६० ने भागून बाकी ४० उरते. चाळिसावा पराभव. छापील पंचांगाच्या मुखपृष्ठावर हेच नाव दिसते.

१२/
आता गेवराई तालुक्यात यावे. गोदावरीच्या काठी राक्षसभुवन येथे १० ऑगस्ट १७६३ रोजी माधवराव पेशव्यांच्या सैन्याने निजामाच्या फौजेचा पराभव केला. शके १६८५. बारा मिळवून १६९७, बाकी १७. सतरावे संवत्सर सुभानु. या प्रसंगाचा एखादा कागद हाती आला आणि त्यावर शक एक व संवत्सर भलतेच असेल, तर अभ्यासकाचे कान तेथेच टवकारले पाहिजेत.

१३/
अंबाजोगाईत यादव राजा सिंघण याचा सेनापती खोलेश्वर याचा शके ११५० चा लेख आहे. त्या शकाला सूत्राने बाविसावे संवत्सर येते, सर्वधारी. शक, संवत्सर, मास, तिथी, वार असे घटक लेखात जितके अधिक, तितकी त्याची तपासणी पक्की. एक घटक चुकीचा कोरला गेला तरी उरलेले त्याला पकडून देतात. जुन्या लेखांची सत्यता पारखणारे अभ्यासक हेच करतात.

१४/
ज्या गावी मुकुंदराजांची समाधी दाखवली जाते त्याच अंबाजोगाईचे हे दुसरे उदाहरण. 'विवेकसिंधु'च्या काही पोथ्यांच्या शेवटी येणारी कालदर्शक ओवी शके १११० आणि साधारण संवत्सर असे सांगते. सूत्र लावून पाहावे. १११० ला बाकी ४२, म्हणजे कीलक. साधारण हे ४४ वे, ते येते शके १११२ ला. गत आणि वर्तमान वर्षाच्या गोंधळाने एका वर्षाचा फरक समजू शकतो. येथे तो दोन वर्षांचा आहे.

१५/
यावरून ग्रंथ खोटा ठरत नाही. मात्र ती ओवी डोळे मिटून पुरावा म्हणून वापरता येत नाही, एवढे निश्चित ठरते. मराठीच्या आद्य ग्रंथाचा मान कोणाला, हा प्रश्न ज्यांना जिव्हाळ्याचा वाटतो त्यांना हा संशय झोंबेल. पण तो संशय परंपरेच्या शत्रूने निर्माण केलेला नाही. तो पंचांगाच्याच साध्या बेरीज-भागाकारातून निघाला आहे.

१६/
बीडची आणखी एक गुंतागुंत आहे. १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता. व्रतवैकल्ये शकावर, दरबाराचा व्यवहार हिजरीवर आणि जमीन-महसूल फसली सनावर चाले. हैदराबादच्या फसलीत आझूर, दै, बहमन अशी फारसी महिन्यांची नावे होती. फसली १३१० म्हणजे इसवी १९००-०१. आकड्यात ५९० किंवा, वर्षाच्या उत्तरार्धासाठी, ५९१ मिळवले की इसवी सन मिळतो.

१७/
२०२३ मध्ये कुणबी नोंदींसाठी निजामकालीन दप्तरे उघडली गेली, तेव्हा मराठवाड्यातील असंख्य घरांत आजोबा-पणजोबांचे कागद शोधले गेले. त्या काळातील महसुली कागदाची तारीख वाचण्यासाठी फसली सन समजावा लागतो. कालगणना न समजणारी पिढी स्वतःच्या घरचा कागद वाचू शकत नाही. पंचांगाला 'कचरा' म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा.

१८/
आता पहिल्या दाव्याकडे. 'पंचांग कधी बदललेच नाही.' वेदांगज्योतिषात पाच वर्षांचे युग १८३० दिवसांचे आहे. म्हणजे वर्ष ३६६ दिवसांचे, आणि पाच वर्षांत दोन अधिक मास. आजचे कोणतेही पंचांग या मापाने चालत नाही. चालले असते तर एका आयुष्यातच सण ऋतूंपासून दूर गेले असते. ही पहिली आणि फार मोठी दुरुस्ती.

१९/
वेदांगज्योतिषात सात वारांचा फेराही नाही. ज्यांवर वाराचा उल्लेख आहे अशा भारतीय कोरीव लेखांत मध्य प्रदेशातील एरण येथील गुप्त संवत १६५ चा, म्हणजे इसवी ४८४ चा लेख अगदी आरंभीचा. तेथे गुरुवार आहे. बारा राशींची संकल्पना आणि 'होरा' हा शब्द यांवर यवनांच्या, म्हणजे ग्रीकांच्या विद्येची छाप आहे. वराहमिहिराने यवनांचे हे ज्ञान आदराने मान्य केले. आज मान्य करताना लाज वाटावी, असे काही कारण नाही.

२०/
इतिहासप्रेमींच्या अत्यंत लाडक्या एका समजुतीकडे वळू. 'पानिपतची लढाई संक्रांतीच्या दिवशी झाली, म्हणून संक्रांत कोसळणे हा वाक्प्रचार.' लढाईची तारीख १४ जानेवारी १७६१, बुधवार, पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२. तारीख अचूक आहे. पण त्या वर्षी मकर संक्रांत १४ जानेवारीला नव्हती. ती ९-१० जानेवारीच्या सुमारास होऊन गेली होती.

२१/
कारण असे. पंचांगातील सूर्य ताऱ्यांच्या संदर्भाने मोजला जातो. ऋतूंचे वर्ष त्याहून सुमारे २० मिनिटांनी लहान आहे. इसवी दिनदर्शिका ऋतूंना धरून चालते. त्यामुळे संक्रांतीची तारीख सुमारे ७० वर्षांत एक दिवस पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि तो दिवस संक्रांतीचा होता, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. तेथून आणखी शंभर वर्षे मागे जावे, उत्तर मिळते.

२२/
म्हणजे '१४ जानेवारी म्हणजे संक्रांत' हे समीकरण अलीकडचे आहे, आणि तेही आता १५ जानेवारीकडे झुकते आहे. आजची तारीख उचलून १७६१ वर चिकटवणे ही चूक पंचांगाची नाही. पंचांग स्थिर आहे असे गृहीत धरणाऱ्यांची ती चूक आहे. परंपरेचा अभिमान बाळगून परंपरेचे गणित न करणे याचे याहून बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही.

२३/
आणखी पुढे. सूर्य प्रत्यक्षात उत्तरेकडे वळतो तो २१-२२ डिसेंबरला. संक्रांत आणि उत्तरायण यांची सांगड सुमारे सतरा शतकांपूर्वी जुळत होती. आज त्यांत जवळजवळ २४ दिवसांचे अंतर पडले आहे. हे जुन्या गणितींना ठाऊक होते. त्यालाच ते अयनचलन म्हणत आणि त्याचे मोजमाप ग्रंथांत देत.

२४/
आता त्या गणितींची ओळख. गोदाकाठचे पार्थपूर, जे आजच्या परभणी जिल्ह्यातील पाथरी मानले जाते, तेथे ज्ञानराजाने इसवी १५०३ मध्ये 'सिद्धांतसुंदर' रचला. बीडच्या उत्तर सीमेवरून वाहणाऱ्या त्याच नदीचा हा परिसर. आज केवळ दुष्काळ आणि स्थलांतर यांसाठी ओळखला जाणारा हा प्रदेश सोळाव्या शतकात ग्रहगणिताच्या अभ्यासाचे एक केंद्र होता.

२५/
कोकण किनाऱ्यावरील नांदगावच्या केशव दैवज्ञाने १४९६ मध्ये 'ग्रहकौतुक' लिहिले. त्याने स्वतः वेध घेतले आणि पाहिले, की कोणताही एक जुना सिद्धांत सर्व ग्रहांना लागू पडत नाही. त्याचा मुलगा गणेश दैवज्ञ. त्याच्या १५२० च्या 'ग्रहलाघवा'ने पुढील अनेक शतके महाराष्ट्रातील पंचांगे घडवली. त्यात अवघड ज्या-कोष्टके टाळून गणित सोपे केले आहे आणि ११ वर्षांच्या, ४०१६ दिवसांच्या चक्रावर सारी मांडणी उभी केली आहे.

२६/
गणेशाने काय केले ते लक्ष देऊन पाहावे. सूर्य त्याने सूर्यसिद्धांतातून घेतला. गुरू आर्यपक्षातून घेतला. चंद्र सूर्यसिद्धांतातूनच घेतला, पण त्यातून नऊ कला वजा केल्या. ६० कलांचा एक अंश. पूर्ण चंद्रबिंब सुमारे ३० कलांचे दिसते. म्हणजे चंद्रबिंबाच्या एक तृतीयांशाहूनही लहान फरक आकाशात दिसला, तेव्हा त्याने पूज्य ग्रंथाचा आकडा बदलला.

२७/
आणि हे त्याने चोरून केले नाही. पूर्वीच्या आचार्यांची गणिते काळाच्या ओघात कशी शिथिल होत गेली, पुढच्यांनी ती कशी सावरली, याची परंपराच त्याने नोंदवली. आपल्या वडिलांचे गणितही साठ वर्षांत ढळले, ते आपण सुधारले, पुढे हेही ढळेल, तेव्हा पुढच्यांनी पुन्हा वेध घेऊन सुधारावे, असा त्याचा आशय आहे. बापाचे गणित मुलाने दुरुस्त केले आणि त्यात कोणाचा अवमान झाला नाही.

२८/
एकोणिसाव्या शतकात 'ग्रहलाघव'ही आकाशाशी जुळेनासे झाले. केरूनाना छत्र्यांनी १८६५ च्या सुमारास नव्या गणिताचे पंचांग सुरू केले, ते पटवर्धनी पंचांग म्हणून ओळखले गेले. त्यांचे शिष्य लोकमान्य टिळक पुढे याच शुद्धीच्या बाजूने उभे राहिले. व्यंकटेश बापूजी केतकरांनी आधुनिक गणितावर ग्रंथ रचले. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ मध्ये 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा इतिहास मराठीत लिहिला.

२९/
एकमत मात्र झाले नाही. राशिचक्राचा आरंभबिंदू कोठे धरायचा यावर दोन पक्ष पडले, आणि त्यांत सुमारे चार अंशांचा फरक राहिला. म्हणूनच टिळक पंचांगाची संक्रांत १० जानेवारीच्या सुमारास येते, इतरांची १४-१५ ला. एखाद्या वर्षी अधिक मासही वेगळा पडतो आणि शेजारच्या दोन घरांच्या दिवाळीत महिन्याचे अंतर येते. 'एकच शाश्वत पंचांग' म्हणणाऱ्यांनी यातले शाश्वत कोणते, ते सांगावे.

३०/
स्वतंत्र भारताने १९५२ मध्ये मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली. देशात तेव्हा सुमारे तीस पंचांगपद्धती चालू होत्या. समितीने १९५५ मध्ये अहवाल दिला आणि २२ मार्च १९५७ पासून, १ चैत्र १८७९ या दिवसाने, राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. लोकांनी ती घरात घेतली नाही, हे खरे. पण सुधारणेची ओढ परकी नव्हती. ती गणेश दैवज्ञाचीच परंपरा होती.

३१/
यावर आक्षेप येईल : 'पंचांग ग्रहणे अचूक सांगते, मग ते चुकीचे कसे?' उत्तर आक्षेपातच आहे. ग्रहण अचूक सांगता येते, कारण चुकलेले गणित फेकून देण्याचे धैर्य कोणीतरी दाखवले. ग्रहण ही पहिल्या थराची परीक्षा आहे. सारे गाव आकाशाकडे पाहत असताना चूक लपवता येत नाही.

३२/
तिसऱ्या थराची अशी परीक्षा होत नाही. येथे प्रामाणिक राहिले पाहिजे. वेध घेणारे आणि मुहूर्तग्रंथ लिहिणारे पुष्कळदा एकच होते. केशवाने 'मुहूर्ततत्त्व' लिहिले. धर्मग्रंथांनी आठ-दहा वर्षांच्या मुलीच्या विवाहाची भलामण केली. हे झाकून ठेवून परंपरेचे गुणगान करणे हा इतिहास नव्हे.

३३/
तरीही मुहूर्तग्रंथ स्वतः काय करतात ते पाहावे. एक नियम, आणि त्याच्यामागोमाग अपवाद. शुद्ध लग्न मिळत नाही, तर गोरज मुहूर्त. चातुर्मासात विवाह वर्ज्य, पण गरज असेल तर गौण काल. काहीच पाहायचे नसेल तर साडेतीन मुहूर्त : पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा आणि अर्धा बलिप्रतिपदेचा. मुहूर्त नेहमीच माणसाच्या सोयीला वाट देत आला आहे. तो अटळ आहे, हा समज ग्रंथांनाही मान्य नाही.

३४/
आता अक्षय्य तृतीया. वैशाख शुद्ध तृतीया म्हणजे सूर्य-चंद्रातील अंतर २४ ते ३६ अंश. आकाश एवढेच सांगते. भारताच्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यात, २००६ मध्ये, या तिथीचे नाव घालावे लागले. त्याचे कलम १३ सांगते, की अक्षय्य तृतीयेसारख्या दिवशी होणारे सामूहिक बालविवाह रोखण्यासाठी जिल्हाधिकारी हाच प्रतिबंध अधिकारी मानला जाईल. ज्या तिथीला 'अक्षय्य' म्हटले, तिच्यावर पहारा बसवण्याची वेळ आली.

३५/
राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्क्यांचा विवाह अठरा वर्षांपूर्वी झालेला आढळला. बीडमध्ये हे प्रमाण सुमारे ४४ टक्के. दुप्पट. आकाश तर सगळ्या जिल्ह्यांवर एकच आहे. मग फरक कोठून आला?

३६/
तो जमिनीवरून आला. दसरा-दिवाळीनंतर या जिल्ह्यातून लाखो मजूर ऊसतोडीला निघतात. मुकादमाची उचल ठरते ती कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मागे एकटी मुलगी ठेवणे बापाला धोक्याचे वाटते, जोडी झाली तर उचल मिळते. लग्ने निघण्याआधी लागतात किंवा हंगाम संपवून परतल्यावर. तारीख ठरवतो कारखान्याचा हंगाम. पत्रिकेवर मात्र 'शुभमुहूर्त' छापला जातो.

३७/
म्हणून दोन्ही संदेशवाल्यांना येथे एकदमच विचारले पाहिजे. 'पंचांगामुळे बालविवाह होतात' म्हणणारा मुकादम, उचल, मजुरी आणि बंद पडलेली शाळा यांना सोडून देतो. 'पंचांग अपरिवर्तनीय आहे' म्हणणारा त्या बापाच्या हाती एक पवित्र सबब देतो. पहिला रोग चुकीचा सांगतो, दुसरा रोगाला शाल पांघरतो.

३८/
बीडच्या तरुण इतिहासप्रेमींसमोर हा प्रश्न घरातल्या बैठकीतच येतो. सोळा वर्षांच्या बहिणीचे बोलणे चालू असते आणि कोणीतरी म्हणते, 'एवढा मुहूर्त पुन्हा नाही.' तेव्हा सांगण्यासारखा इतिहास हातात आहे. ती तिथी पुढच्या वर्षी पुन्हा येते. त्याच्या पुढच्या वर्षीही येते. मुलीचे अठरावे वर्ष पूर्ण झाल्यावर येणारी वैशाख शुद्ध तृतीयाही तेवढ्याच अंशांची असते.

३९/
आणि 'परंपरा बदलत नाही' असे कोणी म्हटले, तर नांदगावच्या गणेश दैवज्ञाचे उदाहरण द्यावे. पूज्य सिद्धांतातला चंद्र त्याने नऊ कलांसाठी हलवला, कारण समोरचा पुरावा वेगळे सांगत होता. आकाशात नऊ कलांची चूक सहन न करणाऱ्यांचा वारसा सांगायचा आणि डोळ्यांसमोरची कोवळी मुलगी मात्र दिसू द्यायची नाही, हा वारसा नव्हे.